बरडीवरचा भेरा: मुरूम गेला की झाडाची जागाच जाते

शिवारवाट (भिवापूर)

राम राम मंडळी.

भेऱ्याबद्दल बोलायचं आहे. साग, मोह, तेंदू, पळस ही झाडं आपल्याकडे पोरंसोरंही ओळखतात. भेरा म्हटलं की मात्र निम्मे लोक बेहडा दाखवतात. बेहडा वेगळा, तो त्रिफळ्यातला. भेरा हे बेल, कवठ, लिंबू, कढीपत्ता यांच्या कुळातलं झाड, शास्त्रीय नाव क्लोरोझायलॉन स्वीटेनिया. गोंदियाकडे भिर्रा, सिरोंच्याकडची तेलुगू मंडळी बिल्लुडू म्हणतात.

हे झाड रानात उगवतं ते फक्त भारतात आणि श्रीलंकेत. त्याच्या वंशातल्या उरलेल्या दोन जाती थेट मादागास्करला. आपल्याकडे पूर्व विदर्भ आणि यवतमाळच्या कोरड्या पानगळीच्या जंगलात ते आहे. काळ्या कसदार मातीत सहसा दिसणार नाही. मुरूम वर आलेला, दगडगोट्यांचा, पाणी न थांबणारा उतार, जिथे तूरही धड येत नाही, अशा जागी ते तग धरतं. वाढ फार सावकाश. मनगटाएवढं खोड पाहून कालपरवाचं झाड वाटतं, पण ते बरंच जुनं असतं.

१९९८ साली आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत (धोक्यातल्या जीवजातींच्या यादीत) भेऱ्याची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात झाली. त्यासाठी लावलेला निकष होता ‘ए१सी’. म्हणजे दहा वर्षांत किंवा झाडाच्या तीन पिढ्यांत संख्या किमान २० टक्क्यांनी घटली, आणि ही घट झाड राहतं ती जागा आक्रसल्यामुळे किंवा बिघडल्यामुळे ठरवली. जागेचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण धागा त्यासाठीच काढलाय.

आमच्या शिवाराच्या वरच्या अंगाला एक बरडी, म्हणजे अशीच मुरमाड उताराची जमीन, आहे. महसुली कागदावर ‘झुडपी जंगल’. तिच्यावर भेरा, धावडा, लेंडिया, मोवई, तिवस असं सगळं मिसळून आहे. शेजारच्या शिवारातली अशीच एक बरडी रस्त्याच्या भरावासाठी खोदून झाली, आता मोर्चा आमच्याकडे वळणार असं गावात बोललं जातंय. झाड तोडलं तर बुंध्याला फुटवे येतात, भेऱ्यालाही येतात. पोकलेननं मुरूम नेला की मूळ, बी, माती काहीच उरत नाही. शेजारच्या त्या खड्ड्यात आता पाणी साचतं आणि काठानं बेशरम माजली आहे.

माझं म्हणणं एवढंच की भेरा वाचवायचा तर बरडी वाचवावी लागेल, आणि तीही उत्खननाचा परवाना निघण्याआधी. नंतर कुठेतरी रोपं लावून भरपाई होत नाही.

तुमच्याकडे भेरा उरलाय का? कसल्या जमिनीवर? लहान झाडं दिसतात की नुसती म्हातारी? जरूर लिहा. नेमकी जागा मात्र लिहू नका, तालुका पुरे. लाकूड चोरणारेही वाचत असतात.

वाढईपोर (केळापूर)

भाऊ, लय चांगला विषय काढला. आमच्या घरी आज्यापासून वाढईकीचं काम. बंडीचा आख धावड्याचा, वखराचं खोड बाभळीचं, पण ज्याले भेरा भेटे तो भेऱ्याचंच मागे. सागापेक्षा जड लाकूड. पाण्यापावसात राहून बी लवकर सडत नाई असं आजा सांगे.

रंधा मारला का पिवळंधम्मक निघते. उन्हात धरून फिरवलं का पट्टे पालटतात, इकडून उजळ दिसलेला पट्टा तिकडून गर्द दिसते. आजा नवीन माणसाले हेच करून दाखवे, लाकूड हातात देऊन म्हणे फिरव आता. पण त्याची भुकटी वाईट. मानेले, कोपराच्या आतून खाज सुटे, डोळे लाल होत. म्हून भेऱ्याचं काम तो सकाळच्या थंडाव्यात करे, घाम यायच्या आंधी, अन् काम झालं का लगेच आंघोळ. ओलं लाकूड उन्हात ठेवलं का तडकते, म्हून टोकं शेणानं लिपून सावलीत ठेवत.

आता लाकडी बंड्याच रायल्या नाई. लोखंडी बंड्या अन् रबरी टायर आले. वखर बी लोखंडाचे. मंजे आमच्या धंद्यासाठी भेरा तोडणं कवाचंच बंद झालं. तरी तो कमीच होऊन रायला. तुमचं म्हणणं मले पटते, कारण दुसरीकडे हाय.

रानफुले (चंद्रपूर)

वाढईदादांनी लाकूड सांगितलं, मी झाड सांगते. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि विद्यार्थ्यांना भेरा हमखास चुकतो.

पान घ्या. एका लांब देठावर वीस ते चाळीस छोट्या पर्णिका असतात, फिकट, राखाडी झाक असलेल्या हिरव्या. एकच पर्णिका तोडून बारकाईनं पाहा. मधल्या शिरेची एक बाजू रुंद, दुसरी अरुंद, त्यामुळे ती वाकडी वाटते. आता ती आभाळाकडे धरा. उजेड झिरपणारे बारीक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. चुरगळली की उग्र वास बोटांना बराच वेळ राहतो. लिंबाच्या कुळाची ही खूण. साल जाड, बुचासारखी, भेगाळलेली. नखानं खरवडली की आत पिवळी.

मार्च-एप्रिलमध्ये फांद्यांच्या टोकांना पांढुरक्या बारीक फुलांचे झुपके येतात, पाच पाकळ्या, दहा पुंकेसर. मधमाश्या तुटून पडतात. उन्हाळा सरता सरता फळ पिकतं. लांबट, तपकिरी, वाळलं की तीन फाकांत उकलतं, आणि प्रत्येक कप्प्यातून एका बाजूला पंख असलेल्या चपट्या बिया बाहेर पडतात. फळाच्या तीन फाका ही सगळ्यात भरवशाची खूण. दिसायला जवळच्या रोहणाचं फळ पाच फाकांचं. रोहणाच्या पर्णिकाही मोठ्या असतात.

नावातला ‘स्वीटेनिया’ म्हणजे महोगनीचा वंश. रॉक्सबर्गनं आधी या झाडाला महोगनीच्याच वंशात घातलं होतं. पुढे ते वेगळं काढलं, नावात आठवण राहिली. इंग्रजांना या लाकडाची रेशमी चमक इतकी आवडली की भारत आणि श्रीलंकेतून ते इंग्लंडात फर्निचरसाठी जायचं. श्रीलंकेत पेरादेनिया इथे महावेली नदीवर १८३३ साली अख्खा पूल याच लाकडाचा बांधला होता. एवढी मोठमोठी झाडं तेव्हा होती. आज तसं खोड मला आपल्याकडे कुठेच दिसत नाही.

पांदणवाट (राळेगाव)

ताई, आमच्या पांदणीच्या कडेला एक उंच झाड आहे, लांबलांब पानं, पर्णिकांना दाते आहेत. गावात कोणी भेरा म्हणतं, कोणी महारुख. कसं ओळखायचं?

रानफुले (चंद्रपूर)

पर्णिका बोटभर लांब आणि मोठ्या, कडेला ओबडधोबड दाते असतील तर महारुखच. भेऱ्याच्या पर्णिकेला दाते नसतात. सालईलाही दाते असतात आणि तिची साल कागदासारखी पापुद्रे सोडते, त्यामुळे तीही वेगळी काढता येते. शंका आली तर पर्णिका उजेडात धरा. ठिपके दिसले नाहीत तर भेरा नाही.

धानबांधी (साकोली)

आमच्याकडे रोवणा आटोपला की बांधीत भेऱ्याच्या फांद्या खोचायची पद्धत होती. धानाला कीड कमी लागते असं जुने लोक सांगत. माझे वडील अजूनही खोचतात, फक्त फांदी आणायला आता लांब जावं लागतं. पावसाळ्यात संध्याकाळी कोठ्यात ओल्या पाल्याचा धूर करत, ढोरांना डास-माश्या कमी लागाव्यात म्हणून. धूर डोळ्यांना झोंबतो, पण ढोरं शांत उभी राहतात.

पुढे वाचनात आलं की या पानांच्या तेलावर खरंच प्रयोग झालेत, डासांवर त्याचा परिणाम दिसलाय. म्हणजे आपल्या जुन्या लोकांना उगाच सवय नव्हती. हे झाड बांधीपासून हाकेच्या अंतरावर असायचं म्हणून ही पद्धत टिकली. आमच्या गावाजवळची टेकडी फोडली, तिथे गिट्टीची खदान झाली. नव्या पोरांना फांदी खोचायला सांगून काय उपयोग, फांदी आणायची कुठून?

काळीमाती (आर्वी)

धागा पूर्ण वाचला. एक गोष्ट स्पष्ट विचारतो, राग मानू नये. १९९८ची नोंद म्हणजे पाव शतकाहून जुनी. आमच्याकडच्या जंगलात भेरा अजून दिसतो. दुसरीकडे रस्ता नसल्यानं पावसाळ्यात गावातून दवाखान्यात माणूस न्यायचा म्हणजे काय हाल होतात ते मी भोगलंय. रस्त्याला मुरूम लागणारच. तो सुपीक वावरातून काढायचा का? बरडीतूनच निघणार ना? झाडाची काळजी मलाही आहे, पण रस्ता अडवून झाड वाचवा असं गावाला सांगायची माझी तयारी नाही.

शिवारवाट (भिवापूर)

काळीमाती भाऊ, राग कशाचा. आमच्या गावालाही रस्ता हवाच आहे, आणि तो अडवा असं मी कुठे म्हटलेलं नाही.

मुरूम मिळवायचे दुसरे रस्ते आपल्याच विदर्भात करून दाखवलेत. बुलढाणा पॅटर्न तुम्ही ऐकला असेल. महामार्गाच्या भरावाला लागणारी माती आणि मुरूम तलाव, नाले, शेततळी खोल करून घेतला. रस्त्याला माल मिळाला, गावाला पाणीसाठा मिळाला. आमच्या भागात माजी मालगुजारी तलाव (मालगुजारांच्या काळातले जुने तलाव) आणि बोड्या (छोटी तळी) गाळानं भरून उथळ झाल्यात. गाळ शेतकरी नेईल, त्याखालचा कठीण मुरूम रस्त्याला जाईल. शिवाय कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इथल्या औष्णिक वीज केंद्रांची राख भरावात वापरता येते आणि वापरलीही जाते. बरडी खोदणं ठेकेदाराला सोयीचं पडतं, कारण ती जवळ असते आणि तिच्यासाठी भांडायला कोणी येत नाही. तिथे कोणी उभं राहिलं तर तोच ठेकेदार तलावाकडे वळेल.

भेरा अजून दिसतो, हे तुमचं खरंच आहे. जे दिसतं ते कोणत्या वयाचं आहे एवढं पुढच्या खेपेला पाहून या, ही विनंती.

रानफुले (चंद्रपूर)

मी याच मुद्द्यावर लिहिणार होते. नोंद जुनी आहे हे मान्य. पण तेव्हा जे कारण दिलं होतं, ते तेव्हापेक्षा आज मोठं झालंय. वणी, राजुरा, उमरेडकडे कोळशाच्या उघड्या खाणी पसरल्या, त्यांच्या मातीचे डोंगर बाजूच्या उतारांवर आले. रस्ते रुंद झाले. कित्येक ठिकाणी मिश्र जंगल काढून तिथे एकट्या सागाची लागवड झाली.

मोठी झाडं उभी दिसतात आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. भेऱ्यासारखं सावकाश वाढणारं झाड असं बरीच वर्षं फसवतं. मी ज्या जागा पाहते तिथे मांडीएवढ्या खोडाची झाडं आहेत, पण गुडघ्याएवढी, कमरेएवढी रोपं शोधावी लागतात. पक्व झाडं एकेक करून जातील आणि त्यांच्या जागी यायला मधली पिढीच नसेल. गुरं भेऱ्याचा पाला फारसा खात नाहीत, वास उग्र असतो, त्यामुळे चराई हे पहिलं कारण मला वाटत नाही. उन्हाळी आगी हे मोठं कारण आहे. आधीच्या पावसात उगवलेलं वीतभर रोप मार्चच्या आगीत जातं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

आणखी एक सांगते. कॉमन बँडेड पीकॉक नावाचं फुलपाखरू आहे, काळ्या पंखांवर निळा-हिरवा झळाळता पट्टा असलेलं. दक्षिण भारत, श्रीलंका आणि पूर्व किनाऱ्याकडे ते आढळतं. त्याच्या अळ्या वाढतात भेऱ्याच्या पानांवर. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाकडे कोणी फुलपाखरांचे फोटो काढत असेल तर भेऱ्याची कोवळी पालवी आवर्जून तपासा आणि इथे टाका.

काळीमाती (आर्वी)

तलावातल्या मुरुमाचं पटलं. आमच्याकडेही एक तलाव उथळ झालाय, त्याचा विषय ग्रामपंचायतीत मांडतो. रोपांचं पाहून आल्यावर लिहीन.

कागदपत्र (गडचिरोली)

वनहक्काच्या कामात बरीच वर्षं आहे. शिवारवाट भाऊंनी बरडी ‘झुडपी जंगल’ असल्याचं लिहिलं, त्यावर सविस्तर लिहितो, कारण बहुतेक गावांना याचं महत्त्व माहीत नाही.

झुडपी जंगल ही नोंद नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांची: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. विदर्भ जुन्या मध्य प्रदेशातून आला तेव्हापासून चालत आलेली. गावाच्या निस्तारासाठी, म्हणजे चराई, सरपण अशा रोजच्या गरजांसाठी राखलेली झुडपांची जमीन. ती जंगल की महसूल, यावर अनेक दशकं वाद चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की झुडपी जंगल हे जंगलच मानायचं. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. मसीह यांचं खंडपीठ. गवई स्वतः अमरावतीचे, त्यामुळे या जमिनी त्यांना अगदीच अनोळखी नव्हत्या. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्या जमिनी घरं, शाळा, सरकारी कामांसाठी दिल्या गेल्या त्या नियमित करायची वाट न्यायालयानं ठेवली आहे. त्या लोकांनी घाबरायचं कारण नाही. पण जी जमीन मोकळी आहे ती वनेतर कामाला वापरायची तर वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते. तीन हेक्टरपेक्षा लहान आणि जंगलाला लागून नसलेले तुकडेही संरक्षित वन म्हणून घोषित करायला सांगितलं आहे.

म्हणजे झुडपी जंगलातून मुरूम काढायला नुसता गौण खनिजाचा परवाना पुरत नाही. तुमच्या बरडीची नोंद खरंच झुडपी असेल तर आजच तहसील कार्यालयात आणि वन परिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या. पोहोच घ्या. तोंडी सांगून येऊ नका.

केळापूरच्या दादांसाठी: तुमच्या तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात येतात. तिथे १९९६च्या पेसा कायद्यानं (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) गौण खनिजाच्या परवान्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते, आणि ग्रामसभा जागी असेल तर ती शिफारस तिच्याशिवाय होत नाही.

आणि एक उणीव सांगतो. महाराष्ट्रात १९६४चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच, बिजा, हळदू, तिवस, ऐन, अंजन अशी झाडं आहेत. भेरा नाही. त्यामुळे खाजगी वावराच्या धुऱ्यावरचा भेरा कोणी तोडला तर त्या झाडाला त्या अनुसूचीचा आधार मिळत नाही. लाल यादीत नाव असणं आणि कायद्याच्या यादीत नाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाल यादी दाखवून तहसीलदार काम थांबवणार नाही.

वऱ्हाडवारा (बार्शीटाकळी)

आमच्या अमरावती विभागात झुडपी नाही, ई-क्लास आहे. गावाची गायरान जमीन. तीही अशीच खोदली जाते आणि अतिक्रमणात जाते. या निकालाचा ई-क्लासला उपयोग आहे का?

कागदपत्र (गडचिरोली)

निकाल झुडपी जंगलापुरता आहे. ई-क्लासला तो सरळ लागू होत नाही. पण ती जमीन गावाच्या सार्वजनिक वापराची असते. ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय उत्खनन होत असेल तर लेखी हरकत घ्याच. तुमच्यासाठी जैवविविधता कायद्याची वाट जास्त उपयोगाची.

२००२च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची. राज्याचं जैवविविधता मंडळ आपल्या नागपूरलाच आहे. आमच्या भागातल्या एका गावची नोंदवही बाहेरच्या लोकांनी घाईघाईनं भरून दिली होती. त्यात गावात नसलेली झाडं होती आणि असलेली नव्हती. गावानं ती पुन्हा लिहून काढली. तुमची नोंदवही ग्रामपंचायतीच्या कपाटातून बाहेर काढा आणि आधी वाचा. भेरा नसेल तर कुठल्या गटात, साधारण किती मोठी आणि किती लहान झाडं, लोक त्याचा काय उपयोग करत, हे सगळं लिहून समितीच्या बैठकीत मंजूर करून घ्या. धानबांधी भाऊंनी वर लिहिलेली फांद्या खोचायची आणि धुराची माहितीसुद्धा तिथे गेली पाहिजे.

मोहाखाली (कुरखेडा)

आगीबद्दल रानफुले ताईंनी लिहिलं, त्यावर बोलते. मी आमच्या ग्रामसभेच्या वनहक्क समितीवर आहे. आमच्याकडं मोह वेचायला बाया पहाटे जातात. फुलं पाल्यात दिसत नाहीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायचा, अशी सवय होती. जाळायचा झाडाखालचा आणि आग जायची पहाडभर. कोणाच्या मनात वाईट नसे.

आम्ही ग्रामसभेत बसून ठरवलं की पाला झाडून गोळा करायचा किंवा खाली जाळी, जुन्या साड्या अंथरायच्या. पहिल्या वर्षी बायांनी कुरकुर केली, कारण झाडण्यात वेळ जातो. पण साडीवर पडलेलं फूल स्वच्छ राहतं, माती लागत नाही, आणि वाळवल्यावर भाव बरा मिळतो. हे एकदा पाहिल्यावर समजवायची गरज उरली नाही. तेंदूपानाच्या हंगामाआधी लागणाऱ्या आगीचं दुखणं मात्र अजून पूर्ण गेलेलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं तर तेंदूपानाची तोडच बंद केली, जंगल आणि झाडं टिकावीत म्हणून. त्यांना २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. सगळ्या गावांना एवढं जमेल असं मी म्हणत नाही. तेंदूचा पैसा हा कित्येक घरांचा वर्षाचा आधार असतो.

आता आमच्या पहाडीवर भेऱ्याची, चारोळीची, बिजाची रोपं उभी दिसतात. आम्ही एकही लावलेलं नाही. आग थांबली तशी ती आपोआप आली.

वाढईपोर (केळापूर)

ताई, हे वाचून लय बरं वाटलं. रोपवाटिकेत भेरा भेटते का कोठी? धुऱ्यावर दोन-चार लावाव म्हणतो.

मोहाखाली (कुरखेडा)

मला तरी कुठल्या रोपवाटिकेत तयार रोप दिसलेलं नाही. साग, बांबू, करंज मिळतात. बी गोळा करून घरीच करावं लागेल. फळं झाडावर तपकिरी झाली, पण उकलली नाहीत, अशा वेळी तोडायची. उशीर झाला की बी वाऱ्यानं उडून जातं. फळं सावलीत पसरून वर पातळ कापड टाका, आपोआप फुटतात. बी साठवून ठेवू नका, ताजंच पेरा. पिशवीत शेणखत कमी आणि मुरूम-रेती जास्त, पाणी साचायला नको. बी अगदी वरवर, हलकी माती लोटून. सगळं उगवेल अशी अपेक्षा ठेवू नका, म्हणून जास्त पेरा. उगवल्यावर कडक उन्हापासून थोडी सावली द्या. पहिली दोन-तीन वर्षं रोप मोठं होतच नाही असं वाटतं. मेलं समजून उपटू नका.

झाडाखालचं सगळं बी आणू नका. अर्ध्याहून जास्त तिथेच राहू द्या.

शिवारवाट (भिवापूर)

सगळ्यांचे आभार. आमच्या बरडीचा जमीन अभिलेख काढला, नोंद झुडपी जंगलाचीच निघाली. कागदपत्र भाऊंनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही कार्यालयांत अर्ज देऊन पोहोच घेतली. ग्रामसभेपुढे ठेवायचा ठराव असा लिहिलाय, पाहून सुचवा:

“आमच्या गावाच्या हद्दीतील झुडपी जंगल म्हणून नोंद असलेल्या बरडीवर भेरा, धावडा, तिवस, लेंडिया इत्यादी झाडे नैसर्गिकरीत्या उभी आहेत. सदर जमीन गावाच्या चराई व निस्ताराची आहे. या जमिनीतून मुरूम, माती, दगड काढण्यास ग्रामसभेचा विरोध आहे. रस्त्याच्या कामासाठी लागणारा मुरूम गावातील बोडी व तलाव खोलीकरणातून घेण्यास ग्रामसभेची संमती आहे. भेऱ्याच्या झाडांची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत घेण्यात यावी. बरडीवर आग लावण्यास मनाई करण्यात येत आहे.”

रानफुले ताई, नोंदवहीसाठी झाडं मोजायला विद्यार्थ्यांना घेऊन याल का? फळं पिकायच्या वेळेला आलात तर ओळख पटवायला सोपं जाईल. राहायची-जेवायची सोय गावात करू.

रानफुले (चंद्रपूर)

नक्की येते. आधी एक काम करून ठेवा. गुराख्यांना आणि सरपणाला जाणाऱ्या बायांना विचारून भेरा कुठे कुठे आहे त्याचा हातानं काढलेला नकाशा तयार ठेवा. त्यांना ज्या जागा ठाऊक असतात त्या आम्हाला आठवडाभर फिरूनही सापडत नाहीत. मोजताना खोडाचा घेर छातीच्या उंचीवर घेऊ, आणि रोपांची नोंद वेगळ्या रकान्यात करू.

कागदपत्र (गडचिरोली)

ठराव चांगला आहे, तीन गोष्टी बदला. ‘बरडी’ एवढंच लिहू नका. गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा लिहा, नाहीतर ठराव दुसऱ्याच जमिनीचा आहे असं म्हणायला जागा राहते. २२ मे २०२५च्या निकालाचा उल्लेख ठरावातच करा. आणि तलाव खोलीकरणाची संमती वेगळ्या ठरावात घ्या. तलाव कोणाच्या ताब्यात आहे, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद की पाटबंधारे, ते आधी तपासा, कारण परवानगी त्यांच्याकडून लागेल. दोन्ही विषय एका ठरावात अडकले तर तलावाच्या कागदासाठी बरडीचा ठरावही पडून राहतो.

गणपूर्ती झाल्याची नोंद आणि हजेरीच्या सह्या-अंगठे जोडा. प्रत तहसीलदार, वन परिक्षेत्र अधिकारी आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेला द्या. तिसरी प्रत लोक विसरतात, आणि परवान्याची फाइल बहुतेक वेळा तिथूनच हलते.